धनजीशा कूपर आणि 'ब्राह्मणेतर' या शब्दाची वेस

मुंबई इलाख्याचे पहिले पंतप्रधान कोण, हा प्रश्न स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांत हमखास असतो. माझ्या वर्गातल्या मुलामुलींना त्याचे उत्तर पाठ आहे : धनजीशा कूपर. एका गुणाचे उत्तर, त्यापुढे कोणी जात नाही. १९३५ च्या कायद्याप्रमाणे प्रांताच्या मुख्य मंत्र्यालाही पंतप्रधान म्हणत, एवढे सांगितले की मुलांचे समाधान होते. पण मी साताऱ्या-सांगलीच्या मुलांना शिकवतो, आणि मला या उत्तराच्या पोटातला प्रश्न सोडवत नाही. सत्यशोधकांचे जलसे जेथे गावोगाव रंगले, त्या मराठा-कुणबी शेतकऱ्यांच्या जिल्ह्यात पारशी घरे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. अशा जिल्ह्यातला एक पारशी व्यापारी ब्राह्मणेतरांचा पुढारी कसा झाला, आणि तेथून इलाख्याच्या सर्वोच्च मंत्रिपदावर कसा पोचला? त्याच जिल्ह्यात त्याच काळात महार-मांग-चांभार कोठे उभे होते? या दोन प्रश्नांची उत्तरे एकत्र शोधल्याशिवाय कूपरांचे चरित्र आपल्याला उपयोगाचे नाही.

उपयोगाचे म्हणजे काय, तेही सांगतो. 'आपण सगळे बहुजन' ही हाक आजही प्रत्येक निवडणुकीत आपल्या वस्तीपर्यंत येते. तिचा जुना अवतार 'आपण सगळे ब्राह्मणेतर' असा होता. त्या हाकेचे आमच्या जिल्ह्यात पुढे काय झाले, हे कार्यकर्त्याला माहीत असले पाहिजे.

ठेका, नांगर आणि आगगाडी

धनजीशा बोमनजी कूपर यांचा जन्म १८७८ चा, मृत्यू १९४७ चा. म्हणजे जोतीरावांचा सत्यशोधक समाज स्थापन होऊन पाच वर्षे झाल्यावर ते जन्मले आणि स्वातंत्र्य येण्याच्या तोंडावर गेले. कूपरांचा पहिला पैसा दारूच्या ठेक्यातला, असे आमच्याकडची जुनी माणसे सांगत. ठेका म्हणजे काय हे समजून घ्यावे. १८७८ च्या अबकारी कायद्यानंतर मुंबई इलाख्यात दारू गाळण्याचा आणि विकण्याचा हक्क सरकारने आपल्या हाती घेतला. तो हक्क सरकार पैसे घेऊन देई. ज्याच्याकडे आगाऊ भरायला रोकड आणि साहेबाकडे वजन, त्यालाच ठेका मिळे. पारशी व्यापाऱ्यांनी या धंद्यात लवकर पाय रोवले. यात जातीची बंदी लिहिलेली नव्हती, अनामत रकमेची होती. पण ज्याच्या जातीला शतकानुशतके रोख रकमेचा स्पर्शच होऊ दिला नाही, त्याला अनामतीची अट आणि जातीची अट यांत फरक तो काय?

कूपरांचे नाव झाले ते मात्र नांगराने. लोखंडी नांगराची कथा दक्षिणेकडून सुरू होते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात लोखंडी नांगर तयार केला. १९१० मध्ये तेथली जागा सोडावी लागल्यावर औंधच्या पंतप्रतिनिधींनी त्यांना कुंडल रोड स्टेशनाजवळ माळरान दिले. तेच आजच्या सांगली जिल्ह्यातले किर्लोस्करवाडी. पुढे १९२२ मध्ये कूपरांनी सातारा रोड स्टेशनाजवळ पाडळीला कारखाना काढला. तेथे नांगर झाले, पुढे डिझेल इंजिनेही झाली. दोन्ही कारखाने पुणे-मिरज लोहमार्गावरचे. लोखंड आणि कोळसा आगगाडीने यायचा आणि तयार नांगर आगगाडीनेच जायचा.

याच लोहमार्गावर मसूर नावाचे स्टेशन आहे. १९०१ साली साताऱ्याच्या सरकारी शाळेत शिकणारा भीमराव भावंडांसह या स्टेशनावर उतरला होता. वडील कोरेगावला नोकरीस, त्यांना भेटायला मुले निघाली होती. महाराची मुले हे कळताच गाडीवान त्यांच्याजवळ बसायला तयार होईना. दुप्पट भाडे देऊन मुलांना स्वतः गाडी हाकावी लागली. प्यायला पाणी मिळाले नाही. बाबासाहेबांनी हा प्रसंग स्वतः लिहून ठेवला आहे. आगगाडीने साताऱ्यात कारखाना आणला, यंत्र आणले, बाजार आणला. स्टेशनाबाहेरच्या बैलगाडीत मात्र जुनाच कायदा चालू होता. आधुनिकता आली की जात आपोआप जाते असे मानणाऱ्यांनी या दोन स्टेशनांमधले अंतर मोजावे. ते काही मैलांचेच आहे.

नांगराबद्दलही एक गोष्ट नोंदवतो. लोखंडी नांगर खोल जाई, हरळी मुळासकट उपटून काढी. लाकडी नांगराला हे जमत नसे. ज्याच्याकडे बैलांच्या तीन-चार जोड्या, त्यालाच तो ओढता येई. म्हणजे नांगर घेणारा हा गावचा थोरला शेतकरी. माझे आजोबा खानापूर भागातल्या एका गावात महारकी करीत. ते सांगत, "नांगर पाटलाचा, बैल पाटलाचे, ढेकळं फोडायला आपण." हरळी खणण्याचे हंगामी काम गेले, त्याची मजुरी गेली, आणि त्या जागी दुसरे काही आले नाही. नांगर वाईट होता असे मला म्हणायचे नाही. त्याने जमीन सुधारली. पण ज्याची जमीन होती त्याची सुधारली. ऊस-द्राक्षांनी वर आलेल्या आजच्या बागायतदार वर्गाच्या मुळाशी हा नांगर आणि हे इंजिन आहे, आणि हाच वर्ग ब्राह्मणेतर राजकारणाचा कणा झाला.

लोकल बोर्डाची किल्ली

कारखानदार कूपर आणि पुढारी कूपर यांना जोडणारी जागा म्हणजे सातारा जिल्हा लोकल बोर्ड. कूपर या बोर्डाचे अध्यक्ष झाले. तेव्हाचा सातारा जिल्हा आजच्याहून मोठा होता. तासगाव, वाळवे, खानापूर हे आजच्या सांगलीचे तालुके त्यातच होते. १९४९ मध्ये दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याचे नाव सांगली ठेवले गेले. म्हणून कूपरांची गोष्ट दोन्ही जिल्ह्यांची आहे.

लोकल बोर्ड म्हणजे आजच्या जिल्हा परिषदेचे पूर्वरूप. रस्ते, विहिरी, धर्मशाळा, दवाखाने त्याच्याकडे. १९२३ च्या कायद्याने प्राथमिक शिक्षणही या संस्थांकडे आले. रस्त्याचे कंत्राट कोणाला, शाळा कोणत्या गावी, मास्तर कोण नेमायचा, हे बोर्डावर ठरू लागले. त्यापूर्वी या खुर्च्यांवर वकिली करणारे ब्राह्मण पुढारी असत. १९२० नंतर त्या ब्राह्मणेतरांच्या हाती येऊ लागल्या. ही मोठी घटना होती आणि तिचे मोल मी कमी करीत नाही. ज्या शेतकऱ्याला कचेरीत उभे करीत नव्हते त्याचा मुलगा बोर्डावर बसला. १९२० च्या आसपास साताऱ्याच्या खेड्यांत कुळांनी ब्राह्मण जमीनदार-सावकारांविरुद्ध बंड केले, जलशांनी लोकांना बोलायला शिकवले, त्या रेट्याशिवाय हे घडले नसते.

पण बंड करणारे कोण आणि बोर्डावर बसणारे कोण? १९१९ च्या सुधारणा कायद्याने मुंबईच्या कायदे कौन्सिलसाठी ग्रामीण भागात मत दिले ते बहुतेक ठिकाणी ३२ रुपये सारा भरणाऱ्याला. आमच्या वतनाच्या तुकड्याला ३२ रुपये सारा कोठून येणार? कौन्सिलात मराठे व तत्सम जातींसाठी ७ जागा राखून ठेवल्या गेल्या. अस्पृश्यांना निवडणूक नव्हतीच, सरकार नेमील तो एखाददुसरा सभासद. बंडात ज्यांच्याकडे कूळ म्हणून हरवण्यासारखे होते ते लढले, आणि सत्तेत ज्यांच्याकडे सारा भरण्याइतके होते ते गेले.

येथे 'ब्राह्मणेतर' या शब्दाचे व्याकरण पाहण्यासारखे आहे. ब्राह्मण नसलेला तो ब्राह्मणेतर. या व्याख्येत मराठा बसतो, लिंगायत बसतो, जैन बसतो. पारशी तर हिंदूही नाही, तरी तो बसला, नुसता बसला नाही, पुढारी झाला. व्याकरणाने महार-मांगही त्यात बसतात. जोतीरावांच्या मनात शूद्र आणि अतिशूद्र ही जोडी कधी तुटली नव्हती. पण पक्ष म्हणून जे उभे राहिले त्यात अतिशूद्र सभेला श्रोता म्हणून होता, यादीत उमेदवार म्हणून नव्हता. पारशाला वेशीच्या आत घेणारा शब्द आमच्यापाशी येऊन वेशीवरच थांबला. याचे कारण धर्म नव्हे, कारण हेच की कूपरांकडे पक्षाला देण्यासारखे होते : पैसा, कारखाना, साहेबाशी ओळख. आमच्याकडे मतसुद्धा नव्हते.

याची परीक्षा १९२३ मध्येच झाली. सीताराम केशव बोले यांनी ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कौन्सिलात ठराव मांडून संमत करून घेतला. सरकारी पैशातून बांधलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले करावेत असा तो ठराव. बोले स्वतः ब्राह्मणेतर पुढारी, ही त्या चळवळीची उजळ बाजू. पण अंमल करायचा कोणी? नगरपालिकांनी आणि लोकल बोर्डांनी. तीन वर्षांनी, १९२६ मध्ये, बोल्यांनाच पुन्हा उभे राहून म्हणावे लागले की ज्या संस्था हा ठराव पाळणार नाहीत त्यांचे अनुदान थांबवावे. या दुसऱ्या ठरावाची गरज पडली यातच सारे आले. महाडच्या नगरपालिकेने तळे खुले केल्याचा ठराव केला होता. १९२७ मध्ये बाबासाहेब प्रत्यक्ष पाणी प्यायला गेले तेव्हा काय झाले ते आपण जाणतो. हा दोष एकट्या कूपरांचा नव्हे. बोर्डाची किल्ली ब्राह्मणाकडून ब्राह्मणेतराकडे गेली, तरी विहिरीचे कुलूप तसेच राहिले, एवढेच मला दाखवायचे आहे.

भाऊराव : त्याच कारखान्यातून निघालेली दुसरी वाट

कूपरांचे चरित्र भाऊराव पाटलांशिवाय पुरे होत नाही. भाऊराव आधी किर्लोस्करांचे नांगर विकत गावोगाव हिंडले. १९१९ मध्ये कराडजवळ काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली. पुढे कूपरांचा कारखाना उभारण्यात त्यांनी अंगमेहनत घातली. खेड्यातल्या शेतकऱ्याचा भाऊरावांवर विश्वास होता, आणि तो विश्वास कूपरांच्या उपयोगी पडला. कारखान्याच्या नफ्यातला ठराविक वाटा बहुजनांच्या शिक्षणाला द्यायचा असे बोलणे झाले होते, कारखाना चालू लागल्यावर तो वाटा मिळाला नाही, असे भाऊरावांच्या चरित्रांत सांगितलेले असते. संतापलेले भाऊराव शस्त्र घेऊन कूपरांवर निघाले होते, ही कथाही त्यांतच येते.

शस्त्राची कथा लोकांना आवडते. मला त्यामागचा व्यवहार महत्त्वाचा वाटतो. चळवळीने भांडवल उभे करायला मदत करायची आणि भांडवलाने मग चळवळीला वाटा द्यायचा, हा करार तोंडी होता. तो कोणत्याही कायद्यात बसत नव्हता. कारखाना एकाच्या मालकीचा होता, चळवळ सर्वांची होती. असे करार मोडतात तेव्हा मोडणाऱ्याचे काही बिघडत नाही.

भाऊरावांनी मग मालकाचा नाद सोडला. १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह काढले. मूठमूठ धान्य गावातून जमवले. पत्नी लक्ष्मीबाईंच्या अंगावरचे दागिने मुलांच्या अन्नासाठी गेले, मंगळसूत्रही वाचले नाही. मराठा, महार, मांग, मुसलमान, जैन सगळी मुले एका पंक्तीत जेवली, एकत्र राबली आणि शिकली. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते या वसतिगृहाला शाहू महाराजांचे नाव दिले गेले. भाऊरावांचे हे मन आधीपासूनचे होते. शाळेबाहेर बसवलेल्या ज्ञानदेव घोलप या मुलाला त्यांनी कोल्हापूरच्या मिस क्लार्क वसतिगृहात पोचवले, असे चरित्रकार सांगतात. हेच घोलप पुढे 'मूकनायक'चे संपादक झाले आणि मुंबई कौन्सिलात अस्पृश्यांचे नियुक्त प्रतिनिधी म्हणून बसले.

माझ्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला. वडील लोकल बोर्डाच्या शाळेत चौथीपर्यंत शिकलेल्या एका शेजाऱ्याकडून अक्षरे गिरवायला शिकले. माझ्यासारख्या हजारोंच्या मागे अशी वसतिगृहे उभी आहेत. एकाच कारखान्याच्या दारातून दोन वाटा निघाल्या. एक सचिवालयाकडे गेली, दुसरी बोर्डिंगच्या पंक्तीकडे. पहिली साडेतीन महिन्यांत संपली, दुसरी अजून चालू आहे.

साडेतीन महिन्यांचे राज्य

आता त्या साडेतीन महिन्यांकडे येऊ. १९३० च्या सुमारास केशवराव जेधे यांच्यासारखे ब्राह्मणेतर तरुण काँग्रेसकडे वळले. पक्ष विरघळत गेला. कूपर मात्र सरकारच्या बाजूस राहिले आणि इलाख्याच्या सरकारात वरच्या जागांवर गेले. त्यांना खानबहादूर, पुढे सर असे किताब मिळाले. १९३७ च्या आरंभी नव्या कायद्याप्रमाणे निवडणुका झाल्या. मुंबईच्या १७५ जागांपैकी निम्म्याच्या जवळपास काँग्रेसने जिंकल्या, तो सर्वांत मोठा पक्ष होता. पण गव्हर्नर आपले खास अधिकार वापरणार नाही असे आश्वासन मिळाल्याशिवाय मंत्रिपदे घ्यायची नाहीत, असे काँग्रेसने ठरवले. १ एप्रिलला नवा कायदा लागू व्हायचा होता, मंत्रिमंडळ तर हवे. गव्हर्नर लॉर्ड ब्रेबोर्न यांनी कूपरांना बोलावले. जमनादास मेहता, सिद्दप्पा कांबळी, हुसेनअली रहिमतुल्ला हे त्यांचे सहकारी झाले.

या मंत्रिमंडळामागे बहुमत नव्हते. म्हणूनच ते असेपर्यंत विधानसभा भरवली गेली नाही. याच काळात, १० मे १९३७ रोजी, सावरकरांवरची रत्नागिरीतली स्थानबद्धता उठली. त्याचे श्रेय बहुधा जमनादास मेहतांना दिले जाते. बाकी कारभार गव्हर्नरच्या छत्राखाली रोजच्यासारखा चालला. जुलैत काँग्रेसने मंत्रिपदे घेण्याचे ठरवले आणि १९ जुलैला बाळासाहेब खेरांचे मंत्रिमंडळ आले. कूपर गेले. त्यांच्यासाठी कोठे मोर्चा निघाला नाही, गाव बंद पडले नाही. वरून मिळालेली खुर्ची वरूनच काढून घेतली गेली. तीन वर्षांनी, १९४० मध्ये, सातारा रोडचा कारखानाही वालचंद समूहाकडे गेला.

त्याच निवडणुकीत दुसरी एक घटना घडली, ती कूपरांच्या शेजारी ठेवून पाहिली पाहिजे. ऑगस्ट १९३६ मध्ये स्थापन झालेल्या बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने १७ उमेदवार उभे केले आणि त्यांतले बहुतेक निवडून आले. त्यांत राखीव जागांबरोबर काही सर्वसाधारण जागाही होत्या. हा पक्ष सत्तेवर आला नाही. पण सप्टेंबर १९३७ मध्ये बाबासाहेबांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक सभागृहात मांडले, आणि पुढच्या जानेवारीत कोकणातल्या कुळांचा मोर्चा मुंबईत कौन्सिल हॉलवर आणला. त्या मोर्चात कुणबी होते, महार होते. शूद्र-अतिशूद्रांची तुटलेली जोडी तेथे थोडा काळ पुन्हा जुळली. कूपर पंतप्रधान होते आणि त्यांच्यामागे कोणी नव्हते. बाबासाहेब विरोधी बाकावर होते आणि त्यांच्यामागे कुळे चालत आली. प्रतिनिधी आणि पदाधिकारी यांतला फरक मुलांना समजावताना मला याहून चांगले उदाहरण सापडलेले नाही.

आजचा हिशेब

सातारा-सांगलीच्या मातीने मुख्यमंत्री किती दिले हे आम्ही अभिमानाने मोजतो. यशवंतराव चव्हाण देवराष्ट्र्याचे, वसंतदादा पाटील सांगलीचे, बाबासाहेब भोसले तारळ्याचे, पृथ्वीराज चव्हाण कराडचे, एकनाथ शिंदे दरे गावचे. या यादीच्या आरंभी कूपर आहेत. या सर्वांना एका मापाने मोजणे अन्यायाचे होईल. यशवंतराव-वसंतदादा चळवळीतून, तुरुंगातून आले, कूपरांसारखे साहेबाच्या बोलावण्यावरून नव्हे. पण यादीत एकही दलित नाही, हेही वाचले पाहिजे. महाराष्ट्राला दलित मुख्यमंत्री मिळाला तो एकदाच, २००३ मध्ये सुशीलकुमार शिंदे, आणि तोही सोलापूरहून.

व्यक्ती बदलल्या तरी कूपरांनी चाललेली वाट मोडली नाही. धंदा किंवा कंत्राट, त्यातून स्थानिक संस्थेची खुर्ची, त्या खुर्चीतून पुन्हा कंत्राट, मग विधानसभा. मधल्या मुक्कामांची नावे बदलली. लोकल बोर्डाच्या जागी १९६२ पासून जिल्हा परिषद आली, नांगराच्या कारखान्याच्या जागी साखर कारखाना, दूधसंघ, शिक्षणसंस्था आल्या. या वाटेवर प्रत्येक नाक्यावर टोल आहे आणि तो रोखीने भरावा लागतो. ७३ व्या घटनादुरुस्तीने पंचायतीत राखीव जागा दिल्या, आमचा माणूस सरपंच झाला. पण कंत्राट कोणाच्या हाती, ग्रामनिधीच्या चेकवर सही करताना त्याच्यामागे कोण उभा राहतो, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत असते.

म्हणून 'आपण सगळे बहुजन' ही हाक आली की तिला नकार देऊ नये, आणि लगेच होही म्हणू नये. जोतीरावांनी दिलेली ती हाक आहे, ती आपलीच आहे. हाक देणाऱ्याला तीन गोष्टी विचाराव्यात. उमेदवारांच्या यादीत आम्ही कोठे आहोत? कारखान्यात, संस्थेत, बँकेत संचालक म्हणून आमचे किती? आणि जो वाटा देणार म्हणता तो तोंडी आहे की लेखी? तिसरा प्रश्न भाऊरावांनी आपल्या वतीने किंमत मोजून शिकवलेला आहे. तो विसरायचा नाही.